अनुक्रमांक त्रेचाळीस

घर भाड्याने घेताना माणसाने काय काय माहीत करून घ्यावं, यावर अंकुश मडावीने मोबाइलवर बारा व्हिडिओ पाहिले होते. करारनामा अकरा महिन्यांचा करावा, विजेच्या मीटरचा फोटो काढून ठेवावा, पोलिस पडताळणी टाळू नये आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करून त्यावर मालकाची सही घ्यावी. आधीच्या घरमालकाने निघताना बेसिनला गेलेला तडा त्याच्या माथी मारला होता. तो तडा बेसिनपेक्षाही जुना होता, असं अंकुशची बायको रंजीता अजून जेवताना म्हणते. त्यामुळे या वेळी यादी करायचीच, असं दोघांनी ठरवलं होतं. यादी करण्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच झालं, की त्यांनी ती देवाजीभाऊंना मागितली.

देवाजी भोयर चौतीस वर्षं जंगलखात्यात काढून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्या चौतीस वर्षांत त्यांनी झाडं मोजली, बुंध्यांचे घेर मोजले, बांबूचे गठ्ठे मोजले. निवृत्तीनंतर मोजायला फक्त बायकोने, इंदुताईंनी, वाळत घातलेले पापड उरले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात इंदुताईंनी तेही मोजू देणं बंद केलं. बाकी माणूस सरळ. गडचिरोलीत स्वतःच्या घरापुढे दोन खोल्या बांधून भाड्याने देत होता, आणि सूरजागडच्या लोहखाणीकडे जाणारी-येणारी माणसं वाढल्यापासून अशा दोन खोल्या मिळणं म्हणजे नशीबच. सरकारी दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या अंकुशला त्या मिळायला दोन महिने लागले होते.

"यादी?" देवाजीभाऊंनी चष्मा काढला. "तुमी सोताहून यादी मागून राह्यले?"

"हो जी. नंतर भानगड नको."

"सहा वर्षांत मले कोनं यादी नाई मागितली," देवाजीभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. "उद्या सकाळी सहाले येतो."

यादी सामान आणायच्या आधी करावी, असं व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं. पण टेम्पोवाल्याला रविवारी वऱ्हाड न्यायचं होतं, म्हणून अंकुशचं सगळं सामान शनिवारी संध्याकाळीच घरात येऊन पडलं. रविवारी सहाच्या ठोक्याला देवाजीभाऊ दारात उभे. अंगात जुना खाकी शर्ट, हातात टेप, काखेत नोंदवही आणि पांढऱ्या रंगाचा डबा. मागे दोन पंच: एक इंदुताई आणि दुसरा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बिरजू, जो उभ्या उभ्या झोपला होता.

"पंचाबिगर यादी म्हंजे किराण्याची चिठ्ठी," देवाजीभाऊंनी सांगितलं आणि दरवाज्यावर ब्रशने एक आकडा घातला.

मग त्यांचा हात थांबला नाही. व्हरांड्याच्या खांबाचा त्यांनी छातीच्या उंचीवर घेर घेतला. पंख्यापुढे लिहिलं, 'अवस्था: जिवंत.' न्हाणीतल्या नळापुढे लिहिलं, 'पोकळ.' खिडकीची एक फळी त्यांनी बोटाने वाजवून पाहिली आणि 'उभी वाळलेली' अशी तिची नोंद केली. अठ्ठावीस नंबर रंजीताच्या माहेरून आलेल्या पलंगावर पडला, तेव्हा अंकुशला जाग आली.

"भाऊ, हा पलंग आमचा हाये."

"उभा कुठी हाये?"

"इथी."

"मंग झालं. हद्दीत उभं हाये ते यादीत. मालकीचा रकाना अलग असते."

तसा रकाना त्या वहीत नव्हता, हे फार उशिरा कळलं. पलंगामागून कूलर, गॅसची शेगडी, अंकुशची मोटारसायकल आणि त्याचा जेवणाचा डबा, सगळ्यांवर पांढरे आकडे चढले. व्हरांड्यात लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर अंकुशची आई सोमारीबाई डावा पाय लांब करून बसली होती. लेकाचा संसार लावून द्यायला ती धानोऱ्यापलीकडच्या कोसमटोल्याहून पंधरा दिवसांसाठी आली होती.

"जोहार बाई. जरासं उठता का? खुर्ची लिवाची हाये."

"गुडघा धरला जी. आता बसलो तं बसलो."

देवाजीभाऊंनी आयुष्यभर जे दिसलं तेच लिहिलं होतं. पाठीमागून वाकून त्यांनी खुर्चीवर त्रेचाळीस घातले आणि वहीत नोंद केली: 'खुर्ची, प्लास्टिक, लाल, बसलेल्या म्हातारीसह. अवस्था बरी, डावा पाय अधू.'

एकशे बारा नोंदी झाल्यावर पंचांनी सह्या केल्या, आणि अंकुशनेही केली. न वाचता कशावरही सही करू नये, हे सातव्या व्हिडिओत होतं, पण सातवा व्हिडिओ त्याने दीडपट वेगाने पाहिला होता. यादीखाली बारीक अक्षरात दोन अटी होत्या. नंबर असलेली वस्तू पासशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही. आणि एकही वस्तू कमी भरली, तर भाडेकरू त्याच दिवशी घर सोडेल.

सोमवारी सकाळी अंकुश कामावर निघाला, तर फाटकाला आडवा बांबू.

"गाडी, अनुक्रमांक एकोणचाळीस. कुठी?"

"दवाखान्यात जी. नोकरीवर."

"परत कधी?"

"साडेपाचले."

"आन डबा? डब्यात काय?"

"वांग्याची भाजी."

"जाताना भरला, येताना खाली." देवाजीभाऊंनी पेन कानावर ठेवून विचार केला. "घट काऊन आली ते संध्याकाळी लिवून द्या लागन."

अंकुशने संध्याकाळी लिहून दिलं, 'सदर भाजी मी खाल्ली.' दुसऱ्या दिवशीही दिलं. आठवडाभरात त्याला त्याची सवयसुद्धा झाली. माणसाला कशाचीही सवय होते, विशेषतः दुसरं घर मिळत नसेल तर. रंजीता तर म्हणायची, नळाला पाणी आहे, पंखा फिरतो, मालक बाई-माणसाशी नीट बोलतो, मग दोन ओळी लिहायला काय जातं.

मग मोहाचे दिवस आले.

कोसमटोल्यात सोमारीबाईची मोहाची सात झाडं होती. कागदावर ती कोणाचीच नव्हती, पण गावात कोणतं झाड कोणाच्या घरचं, हे लहान पोरही सांगेल. फक्त एक नियम होता. फुलं पडायला लागली की आपल्या झाडाखाली आपण असलं पाहिजे. तीन दिवस कोणी आलं नाही, तर चौथ्या दिवशी जो टोपली घेऊन येईल त्याचा त्या वर्षीचा मोह. सोमारीबाई सून म्हणून आली त्या वर्षापासून एकदाही चुकली नव्हती. नवरा गेला त्या वर्षीही ती तिसऱ्या दिवशी झाडाखाली होती. आणि आता शेजारच्या गिरजाबाईचा फोन आला.

"सोमारी, तुह्या झाडाखाली पडाले लागलं बाई," गिरजाबाई फार मायेने म्हणाली. "तुले नाई जमत तं राहू दे. मी पाहातो."

सोमारीबाईने फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. गिरजाबाईची माया तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक होती.

फाटकाशी देवाजीभाऊंनी वही उघडली, पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, तुमचा पास नाई बनू शकत."

"काऊन जी?"

"तुमी त्रेचाळीस नंबरात हाव. गाडी चाकावर चालते, डबा हातात जाते, त्याले पास हाये. तुमच्यापुढं मी 'बसलेल्या' लिवलं. बसलेली वस्तू म्हंजे घराचा भाग. जशी चौकट."

अंकुश धावत आला. "भाऊ, ते माही आई हाये. ते फकस्त बसली होती."

"मीबी तेच म्हनून राह्यलो. बसली होती म्हनूनच तं."

"मंग खोडून टाका ना ते."

"खोडाले तेच दोन पंच लागते." देवाजीभाऊंनी खरंच दुःखाने मान हलवली. "बिरजू तं कालच गेला."

बिरजू हिवाळाभर वडशाच्या एका नाटक मंडळीत ढोलकी वाजवायचा. हंगामाचे शेवटचे प्रयोग गावोगाव लागले होते, आणि तो महिनाअखेरीशिवाय येणार नव्हता. इंदुताई ओट्यावरून म्हणाल्या, "मी एका पायावर तयार हाव खोडाले." पण एक पंच म्हणजे पंच नव्हे, हा नियम देवाजीभाऊंनी इतक्या वर्षांच्या संसारातसुद्धा बायकोसाठी मोडला नव्हता.

घरात आल्यावर अंकुशने आवाज खाली आणला. "आई, म्हातारा दुपारी झोपते. तू मागच्या दारानं निंघ. मी बसस्टॉपवर गाडी घेऊन येतो."

"गाडीले पास हाये का?" रंजीताने विचारलं.

सोमारीबाईने लेकाकडे असं पाहिलं, की तो सहावीत असल्यासारखा उभा राहिला. "पंचासमोर सही कोनं केली?"

"मी."

"मंग? आपल्या गावात पंचासमोर बोललेलं कोनी मोडते का? तुहा बाप एकदा तोंडातून गेलं म्हनून बैल देऊन मोकळा झाला. मी मागच्या दारानं चोरावानी जाऊ? आन मी गेलो तं तुमाले आजच घर सोडा लागते. कुठी जासाल?"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. मोह म्हणजे तिला वर्षाचं तेल-मीठ होतं, पण तेवढंच नव्हतं. लेकाच्या घरात ती पाहुणी होती आणि त्या सात झाडांखाली मालकीण. रंजीताला ते कळलं, आणि सासूचं रडणं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं, म्हणून तिने चुपचाप अंकुशचा मोबाइल घेतला आणि बाराही व्हिडिओ पहिल्यापासून लावले. नवव्या व्हिडिओला ती उठली. करारनामा काढला. मग पदर खोचून सरळ देवाजीभाऊंच्या ओट्यावर गेली.

"भाऊ, घरातली वस्तू बिघडली तं दुरुस्ती कोनाकडं?"

"मालकाकडं. कलम नऊ. मीच लिवलं."

"त्रेचाळीस नंबर बिघडला हाये. डावा पाय. तुमच्याच वहीत लिवलं हाये."

देवाजीभाऊंनी वही पाहिली. करारनामा पाहिला. पुन्हा वही पाहिली. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर हसून सगळं फाडून मोकळा झाला असता. पण नियम स्वतःवर आला म्हणून मोडणाऱ्यांतला तो माणूस नव्हता, आणि हे त्याच्याबद्दल कौतुकानेच सांगायला हवं. दहा मिनिटांत ते तिळाचं तेल आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन हजर झाले. दुपारी ते सोमारीबाईला डॉक्टरकडे न्यायला निघाले, तर फाटकाशी स्वतःलाच पास देता येईना. मग डॉक्टरच घरी आणला. त्याने गोळ्या दिल्या आणि निघताना अंकुशला बाजूला घेऊन घरात नक्की पेशंट कोण, असं विचारलं.

दुसरा दिवस तेल-पाण्यात गेला. दुखणं उतरेना. खरं सांगायचं तर सोमारीबाई ते उतरू देत नव्हती.

"औषिदानं नाई होत हे," ती संध्याकाळी म्हणाली. "माहा गुडघा आमच्या गावचा पुजारी बसवते. दुसऱ्याच्या हातानं आजवर बसला नाई."

"त्याले इथी बोलवू."

"मोह सोडून कोन येते जी आता? तुमीच सांगा."

हे देवाजीभाऊंना पटलं. जंगलातल्या माणसाला मोह सोडून बोलावणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी करारनामा पुन्हा वाचला. दहाव्या कलमात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, की वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर न्यावी लागल्यास मालक स्वतः सोबत जाईल आणि दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत वस्तूपाशी राहील. त्यांनी इंदुताईंना आपलं धोतर आणि सोबत येण्यासाठी त्यांचं एक लुगडं बांधायला सांगितलं. इंदुताईंनी धोतर बांधलं, लुगडं परत ठेवलं, आणि बरोबर आठ दिवसांचे पापड दिले. मोजून.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत धानोऱ्याच्या लोकांनी एक अजब प्रकार पाहिला. गाडीच्या मधल्या वाटेत लाल खुर्ची, खुर्चीत म्हातारी, आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून खाकी शर्टातला एक गृहस्थ उभा. कंडक्टरने सीट रिकामी असल्याचं तीनदा सांगितलं.

"खुर्ची टपावर टाका ना, भाऊ. बाई सीटवर बसन."

"वस्तू एक हाये," देवाजीभाऊ म्हणाले. "अर्धी टपावर आन अर्धी सीटवर नाई नेता येत."

कोसमटोल्यात पोहोचले तेव्हा ऊन चढलं होतं. गिरजाबाई टोपली काखेत मारून सोमारीबाईच्या पहिल्या झाडाखाली उभी होती. दिवस तिसराच होता, पण ती आदल्या दिवशीच येऊन उभी राहणाऱ्यांतली. सोमारीबाईला पाहून ती हसली, पण हलली नाही.

"आली का? मले वाटलं, शहरात रमली. आता या पायानं काय येचशील बाई?"

सोमारीबाईचा गुडघा खरोखर दुखत होता, बसच्या प्रवासाने तर ठणकत होता. सात झाडं, आणि खाली पिवळी फुलं पसरलेली. एका वाकण्यात तिला ब्रह्मांड आठवलं असतं. पुजारी स्वतःच्या मोहाखाली वाकला होता, आणि मोह संपल्याशिवाय गुडघ्याला हात लावणार नाही म्हणून त्याने निरोप दिला होता. तिने आधारासाठी इकडेतिकडे पाहिलं. जवळ फक्त देवाजीभाऊ होते. ते झाडांकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कासाविशी होती.

"बाई, हे सात झाडं तुमची?"

"हो जी."

"यादी हाये?"

"नाई जी," सोमारीबाई म्हणाली, आणि तिच्या डोक्यात काहीतरी हललं. "आजवर कोनं केलीच नाई."

देवाजीभाऊंनी पिशवीतून टेप आणि रंगाचा डबा काढला. एका तासात सातही बुंध्यांवर पांढरे पट्टे आणि आकडे चढले. खाकी शर्ट, आकडे आणि वही पाहून गिरजाबाई टोपलीसह आपल्या झाडांकडे निघून गेली. सरकारी दिसणाऱ्या कशाच्याही नादी ती लागत नसे.

"झाडं तं झाली," सोमारीबाई खुर्चीत टेकत म्हणाली. "पन भाऊ, खाली फुलं पडली ते कितीक असन? कोनाले मालूम? मनात येते कधी कधी, आपलं किती हाये ते आपल्यालेच ठावं नाई."

देवाजीभाऊंनी खाली पाहिलं. मग वहीचं कोरं पान उघडलं.

रविवारी अंकुश दोघांना परत आणायला निघाला. चार दिवस देवाजीभाऊंचा फोन बंद होता, आणि रंजीताला काळजी वाटत होती. इंदुताईंना वाटत नव्हती. "चार दिस घर कसं मोकळं मोकळं वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या, आणि बांबू त्यांनीच बाजूला केला.

मोहाखाली पोहोचून अंकुश जागीच थबकला. देवाजीभाऊ ओणवे होऊन एकेक फूल दोन बोटांनी उचलत होते, आकडा पुटपुटत होते आणि फूल टोपलीत टाकत होते. मोजलेलं न मोजलेल्यात मिसळू नये, म्हणून टोपली. खाली पाचोळासुद्धा उरला नव्हता, कारण पाचोळ्याचा त्यांनी वेगळा ढीग घातला होता. घरासमोर चार दिवसांचा मोह चटईवर वाळत पडला होता. इतका मोह त्या अंगणात अंकुशचे वडील होते तेव्हाही पडला नसेल. सोमारीबाई सावलीत खुर्चीत बसून चहा पीत होती.

"आई," अंकुश तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, "म्हाताऱ्या मानसाकडून हे... बरं दिसते का?"

"मी म्हनलं त्याईले, सोडा, राहू द्या. आयकते का? म्हनते, रोज रात्री नवीन पडते, रोजचं रोज झालं पाह्यजे. जेवाले बी हाका मारा लागते." मग तिचा स्वर मऊ झाला. "खुश हाये रे तो मानूस. पहिल्या दिशी फुलं हातात घेऊन लेकरावानी हासला. मी तं दोन्ही टाइम त्याले गरम भात वाढतो. पन तू हळू बोल."

"काऊन?"

"आकडा चुकला का टोपली पालथी करते आन एकापासून सुरू करते. काल दोनदा केली."

"चार हजार आठशे एक्काहत्तर," देवाजीभाऊ म्हणत होते. "चार हजार आठशे बहात्तर."

अंकुशच्या खिशातला मोबाइल वाजला. रंजीता होती, दोघं कशी आहेत ते विचारायला. त्याने घाईघाईने आवाज बंद केला, पण देवाजीभाऊंचा हात फुलावर थांबला होता. त्यांनी वर पाहिलं. ओठ हलले, आकडा आला नाही. मग कोणाला दोष न देता ते उठले, आणि भरलेली टोपली त्यांनी झाडाखाली पालथी केली.

सोमारीबाईने चहाचा कप खाली ठेवला. खुर्चीमागे हात घालून तिने दुसरी, रिकामी टोपली काढली आणि लेकाच्या हातात दिली.

"येचाले बस आता," ती म्हणाली. "आन पाठीले बाक देऊन बस, तुले सवय नाई."